बीजमातेची शाळा

अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचे आदिवासी गाव आहे. तिथल्या महादेव कोळी समाजातील 'बीजमाता' राहीबाई सोमा पोपेरे शाळेची पायरी कधीच चढल्या नाहीत. आज मात्र शेतीशास्त्राचे विद्यार्थी आणि संशोधक शिकण्यासाठी त्यांच्या दारी येतात.

राहीबाईंनी भात, वाल, घेवडा, रानभाज्या अशा कितीतरी गावरान वाणांचे बियाणे जपले. 'बायफ' संस्थेच्या साथीने घरीच बियाणे बँक उभी राहिली. परिसरातील महिला बचत गटही या कामात उतरले. 2018 मध्ये बीबीसीने जगातील शंभर प्रेरणादायी महिलांमध्ये त्यांची निवड केली आणि 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

बी जपण्याची घराघरातली पद्धत म्हणजे एक प्रयोगशाळाच! निरोगी वेलावरच्या निवडक शेंगा वेलावरच वाळू देतात. दाणे पाखडून, निवडून, चाळलेल्या राखेत घोळवतात आणि मडक्यात भरतात. वर कडुनिंबाचा पाला घालून तोंड शेणामातीने लिंपतात. राख ओलावा शोषते, किडीच्या अंगावरचे मेणचट आवरण खरवडते आणि कीड सुकून मरते. दाणा कोरडा राहिल्याने त्याची उगवणशक्ती टिकते. वेलाची निवड म्हणजे आनुवंशिकता, राख म्हणजे भौतिकशास्त्र. वर्गातले धडे एका मडक्यात सामावलेले असतात.

या ज्ञानात बाईचे बळ आहे. संकरित वाणाचे बी धरून पेरले, तर गुण तसेच उतरत नाहीत. म्हणून दरवर्षी ते विकत घ्यावे लागते. गावरान बी घरचे असते. त्यामुळे खर्च वाचतो आणि काय पेरायचे, हे ठरवताना बाईचा शब्द चालतो.

2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने वाण जपणाऱ्या शेतकऱ्यांचे योगदान मान्य केले. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही 'लोकविद्ये'ला स्थान दिले असून, सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकावे, असे सुचवले आहे.

शिक्षकांनो, या दहा दिवसांत बियाणे जपणाऱ्या गावातल्या एखाद्या आजीला सन्मानाने वर्गात बोलवा, मानधन द्या. मुलांनी प्रत्येक वाणाची नोंद वहीत करावी आणि त्यासमोर आजीचे नावही लिहावे. आपली आजी शास्त्र जाणते, हे ज्या मुलीला वर्गात कळेल, तिला शास्त्र कधीच परके वाटणार नाही.