कसारा घाटापलीकडचे सभागृह

४ ऑक्टोबर २०२४ रोजी विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी मंत्रालयाच्या तिसऱ्या मजल्यावरून खाली उडी मारली. खाली जाळी होती. मंत्रालयात येऊन जीव देण्याचे प्रयत्न वाढले, म्हणून २०१८ मध्ये ती बसवण्यात आली होती. इगतपुरीचे आमदार हिरामण खोसकर आणि आणखी काही आदिवासी लोकप्रतिनिधीही जाळीवर उतरले. कोणालाही गंभीर इजा झाली नाही. धनगर समाजाचा अनुसूचित जमातींच्या आरक्षणात समावेश करू नये आणि पेसा (अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींचा कायदा) क्षेत्रातली रखडलेली भरती मार्गी लावावी, या त्यांच्या मागण्या होत्या.

दिंडोरीचे आमदार असलेल्या झिरवाळांकडे मार्च २०२० पासून सभागृहातली दुसऱ्या क्रमांकाची खुर्ची होती. अध्यक्षपद रिकामे असताना, जून २०२२ मध्ये, शिवसेनेच्या १६ बंडखोर आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा त्यांनीच बजावल्या होत्या. कोणी बोलायचे आणि कोणी खाली बसायचे हे ठरवणाऱ्या माणसावर जाळीवर उतरायची वेळ यावी, याला अनेकांनी निवडणुकीच्या तोंडावरचे नाटक म्हटले. निवडणूक तोंडावर होती हे खरेच. पण नाटक म्हणून सोडून दिले की मूळ गोष्ट हातून निसटते. अनुसूचित जमातींची यादी बदलण्याचा अधिकार कलम ३४२ नुसार संसदेचा. पेसा भरतीचे मूळ राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीखाली काढलेल्या अधिसूचनेत आणि तिच्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयात. त्या वेळी अधिवेशनही चालू नव्हते. असते, तरी ठराव मांडून हात वर करून हे प्रश्न सुटणारे नव्हते.

महाराष्ट्र विधिमंडळाची ही गंमत नाशिक जिल्ह्यातून फार स्पष्ट दिसते. जे या सभागृहाच्या हातात नाही, त्यावर तिथे सर्वांत मोठा आवाज होतो. जे पूर्णपणे हातात आहे, ते बहुधा शांतपणे मंजूर होऊन जाते, आणि त्याची किंमत गावांना पुढे कित्येक वर्षांनी कळते.

विधानसभेचे सदस्य २८८, विधान परिषदेचे ७८. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपुरात. १९५३ च्या नागपूर कराराचा हा वारसा. मुंबईत कामकाज चालते ते नरिमन पॉइंटच्या विधानभवनात, ज्याचे उद्घाटन १९८१ मध्ये इंदिरा गांधींनी केले. विधानसभेत नाशिक जिल्ह्याच्या १५ जागा आहेत. त्यातल्या बागलाण, कळवण, दिंडोरी आणि इगतपुरी या चार अनुसूचित जमातींसाठी राखीव. राज्यात अशा जागा २५. पेठ तालुका दिंडोरीत मोडतो, त्र्यंबकेश्वर इगतपुरीत, आणि एकेकाळी स्वतंत्र मतदारसंघ असलेला सुरगाणा आता कळवणमध्ये. जिल्ह्यातला दर चौथा माणूस आदिवासी आहे. पश्चिमेच्या घाटमाथ्यावर नागली आणि भात, पूर्वेच्या सपाटीवर कांदा आणि द्राक्षे. एकाच जिल्ह्याचे आमदार एकाच दिवशी वनपट्ट्यावर आणि कांद्याच्या भावावर उभे राहतात, ते यामुळे.

उभे राहण्याचेही प्रकार आहेत. तारांकित प्रश्नाला मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे असते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. लक्षवेधी सूचना ताज्या, तातडीच्या विषयासाठी. नियम २९३ खालची चर्चा लांबते, कधी रात्रीपर्यंत चालते. शेतकऱ्यांच्या प्रश्नावर विरोधकांचे हे आवडते हत्यार. पण खरी करमणूक छापील उत्तरांत असते. एखाद्या आश्रमशाळेत विद्यार्थ्यांना निकृष्ट जेवण मिळते हे खरे आहे काय, असे विचारले की उत्तर येते, ‘हे अंशतः खरे आहे.’ असल्यास कोणती कारवाई केली, नसल्यास विलंबाची कारणे काय? ‘प्रश्न उद्भवत नाही.’ वर्षानुवर्षांच्या प्रशासकीय कसबाने घासूनपुसून तयार झालेली ही भाषा आहे. तरीही तिला कमी लेखू नये. प्रश्न लागला की मंत्रालयातून आयुक्तालयात, तिथून प्रकल्प कार्यालयात आणि मग आश्रमशाळेत फोन जातो. उत्तर छापून येण्याआधीच कुठेतरी तांदळाची पोती बदललेली असतात.

आता कांदा. लासलगावची बाजार समिती १९४७ पासूनची आणि देशातल्या कांद्याच्या भावाचा काटा तिच्या लिलावावर हलतो. शेती हा राज्यसूचीतला विषय, बाजारही राज्याचा. निर्यात मात्र केंद्राची, आणि उन्हाळ कांद्याचे गणित निर्यातीवर चालते. १९ ऑगस्ट २०२३ ला केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावले. ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली. हिवाळी अधिवेशन तेव्हा नागपुरात नुकतेच सुरू झाले होते. सभागृहात बोलायचे ते सगळे बोलून झाले, आणि निर्यात उघडली ती ४ मे २०२४ ला, दिल्लीच्या आदेशाने.

मग मुंबईच्या हातात उरते काय? अनुदान. फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये लेट खरिपाच्या लाल कांद्याचा भाव कोसळला. विरोधी आमदार कांद्याच्या माळा घालून विधानभवनाच्या पायऱ्यांवर आले. या पायऱ्यांनी कापूस, संत्री, सगळी पिके पाहिली आहेत. कॅमेरे तिथेच असतात. मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी १३ मार्चला क्विंटलमागे ३०० रुपयांची घोषणा केली. चारच दिवसांत तो आकडा ३५० झाला. एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत, म्हणजे ७० हजार रुपये. मग अट आली सातबाऱ्यावर कांद्याच्या नोंदीची. शेतात कांदा होता, बाजार समितीची पावती होती, पण पीकपेऱ्यात नोंद नाही, अशा शेतकऱ्यांनी तलाठ्याकडे खेपा घातल्या.

त्या चार दिवसांत ५० रुपये वाढले कसे, याचे उत्तर सभागृहात सापडत नाही. ते महामार्गावर होते. दिंडोरीहून निघालेला किसान सभेचा लाँग मार्च नाशिक ओलांडून कसारा घाट उतरत होता. नेतृत्व सुरगाण्याचे माजी आमदार जे. पी. गावित यांचे. दादा भुसे आणि अतुल सावे हे मंत्री बोलणी करायला धावले, शिष्टमंडळाची विधानभवनात बैठक झाली, आणि १७ मार्चला मुख्यमंत्र्यांनी मान्य मागण्यांचे निवेदन सभागृहात केले. मोर्चेकरी तरीही ठाणे जिल्ह्यातल्या वाशिंदहून हलले नाहीत. निवेदन ऐकून नव्हे, आदेश खालच्या अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचल्याची खात्री झाल्यावर, १८ मार्चला ते परतले.

ही सावधगिरी अनुभवातून आलेली होती. ६ मार्च २०१८ ला नाशिकच्या सीबीएस चौकातून पहिला लाँग मार्च निघाला. साधारण १८० किलोमीटर चालून, मुंबईत शिरताना ४० हजारांच्या घरात पोहोचलेला हा जमाव १२ मार्चच्या पहाटे आझाद मैदानात आला. दहावीच्या मुलांना परीक्षेला जाताना अडचण नको, म्हणून शेवटचा टप्पा लोकांनी रात्रीतून चालून काढला. आदल्या आठवड्यापर्यंत वनहक्काच्या प्रलंबित दाव्यांची चर्चा शहरी वर्तमानपत्रांच्या आतल्या पानावर असे. त्या सकाळी ती पहिल्या पानावर आली. अर्थसंकल्पी अधिवेशन चालू होते. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याशी विधानभवनातच बैठक झाली आणि लेखी आश्वासन मिळाले: वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढू. पुढच्या फेब्रुवारीत हेच लोक पुन्हा नाशिकहून निघाले, कारण दावे तिथेच होते.

२००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसणाऱ्या आदिवासींना चार हेक्टरपर्यंत हक्क दिला. कायदा संसदेचा, अंमलबजावणी राज्याची. ग्रामसभा, उपविभागीय समिती, जिल्हा समिती अशा पायऱ्या. माणूस दोन एकर कसतो आणि पट्टा येतो काही गुंठ्यांचा, ही पेठ-सुरगाण्याची जुनी तक्रार. ती तारांकित प्रश्नात बसते, लक्षवेधीत बसते, पण जागेवर मोजणीला कोणी येत नाही तोवर उत्तर अंशतःच खरे राहते.

शेतकऱ्यांनी चालत येऊन कायदेमंडळावर धडकायचे, हे नाशिककरांनी शोधलेले नाही. सप्टेंबर १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात खोती ही जमीनदारी पद्धत नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर आला. त्या सभागृहात स्वतंत्र मजूर पक्षाचे नाशिकचे सदस्य होते दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे भाऊराव तथा दादासाहेब गायकवाड. भूमिहीनांच्या सत्याग्रहांचे पुढचे नेते तेच. विधेयक त्या वेळी मंजूर झाले नाही. खोती गेली ती स्वातंत्र्यानंतर.

याउलट १९७४. आदिवासींच्या जमिनी कर्जापोटी, दारूपोटी, खोट्या अंगठ्यांवर बिगरआदिवासींकडे चालल्या होत्या. विधिमंडळाने जमीन महसूल संहितेत ३६-अ हे कलम घातले: ६ जुलै १९७४ पासून जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय आदिवासीची जमीन बिगरआदिवासीच्या नावे होणार नाही, आणि विक्रीला शासनाची पूर्वसंमतीही लागेल. सोबत दुसरा कायदा आला, १ एप्रिल १९५७ पासून हातची गेलेली जमीन मूळ मालकाला परत देणारा. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये हा दुसरा कायदा वैध ठरवला. आज त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरीच्या डोंगरउतारांवर रिसॉर्ट आणि फार्महाउसची रांग लागली आहे, तिथे उरलेल्या आदिवासी जमिनीभोवतीचे कुंपण म्हणजे ३६-अ हे एक कलम. या सभागृहाने नाशिकसाठी केलेले सर्वांत मोठे काम कोणते, असे विचारले तर उत्तर इथे शोधावे लागेल. त्याची आठवण पायऱ्यांवर कोणी काढत नाही.

शांतपणे झालेल्या कायद्याची दुसरी बाजू २००५ मध्ये दिसते. त्या वर्षी जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. टंचाईत खोऱ्यातल्या वरच्या आणि खालच्या धरणांनी झळ सारखी सोसावी, असे त्याच्या १२ व्या कलमात आले. तत्त्व न्याय्य आहे. विरोध करणे कोणालाही अवघड. पण त्यातूनच पुढे ठरले की, ऑक्टोबरच्या मध्यावर मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाचा साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर वरून पाणी सोडायचे. २०२३ मध्ये नाशिक-नगरच्या धरणांतून ८.६ टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला, तेव्हा गोदाकाठचे द्राक्ष बागायतदार, कारखानदार आणि आमदार सगळेच खवळले. मराठवाड्यातले आमदार त्याच कायद्याचे पान उघडून दाखवत होते.

आदिवासींसाठीच्या पैशाची कथाही अशीच, भाषणांपेक्षा हिशेबात घडलेली. द. म. सुकथनकर समितीच्या शिफारशीनंतर नव्वदच्या दशकात राज्याने आदिवासी लोकसंख्येच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे ९ टक्के योजनानिधी आदिवासी विकास विभागाकडे वेगळा काढायला सुरुवात केली. तो खर्च करणाऱ्या यंत्रणेचे आयुक्तालय नाशिकला आहे, १९७२ चे आदिवासी विकास महामंडळही नाशिकलाच. त्यामुळे राज्यभरातले आदिवासी मोर्चे गडकरी चौकाजवळच्या आदिवासी विकास भवनावर येतात. आश्रमशाळांतल्या रोजंदारी कर्मचाऱ्यांनी २०२५ च्या पावसाळ्यात तिथेच रस्त्यावर बिऱ्हाड मांडले, कारण त्यांच्या जागी बाहेरच्या कंपनीमार्फत भरती होणार होती.

कोणते काम कोणत्या सभागृहाचे, हे मतदारांना कळत नाही, असा एक शहरी समज आहे. २०२४ च्या निकालांवरून तसे वाटत नाही. लोकसभेला दिंडोरीत कांद्याच्या रागाने केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पडल्या आणि शिक्षक असलेले भास्कर भगरे दिल्लीला गेले. सहा महिन्यांनी त्याच पट्ट्याने महायुतीच्या आमदारांना भरभरून मते दिली; जिल्ह्यातल्या १५ पैकी १४ जागा तिच्याकडे आल्या. झिरवाळही निवडून आले आणि मंत्री झाले. लाडकी बहीण योजनेचे पैसे मुंबईहून येत होते, निर्यातबंदी दिल्लीहून आली होती. मतांची वाटणी बरीचशी त्याच हिशेबाने झाली.

मार्च २०२५ मध्ये अर्थसंकल्पी अधिवेशनात कांद्यावर पुन्हा चर्चा झाली. अधिवेशन चालू असतानाच, २२ मार्चला, उरलेले २० टक्के निर्यात शुल्क १ एप्रिलपासून रद्द करत असल्याचे केंद्राने जाहीर केले. लासलगावात तोवर उन्हाळ कांद्याची आवक सुरू झाली होती.