निवृत्तीनंतरचें घर

कचेरींतील शेवटचा दिवस सर्वांचा सारखाच असतो. हार, शाल, श्रीफळ, सहकाऱ्यांचीं भाषणें आणि "आतां आराम करा, नातवंडांना खेळवा" असा ठराविक उपदेश. उपदेश करणारांच्या मनांत त्याहून अधिक कांहीं नसतें. आणि ज्याला तो करावयाचा तो गृहस्थहि पुढील वीस वर्षांचा विचार करून आलेला आहे, असें क्वचितच दिसतें. आम्हांस येथें विचार करावयाचा आहे तो या वीस वर्षांचा. आणि तोहि मोघमपणें नव्हे, तर बुलढाणा जिल्ह्यांतील आपल्यासारख्या कुटुंबांना धरून.

वीस वर्षें हा आंकडा आम्हीं अलंकार म्हणून घातलेला नाहीं. जर्मनींत बिस्मार्कच्या कारकिर्दींत १८८९ सालीं वृद्धांच्या पेन्शनचा कायदा झाला, त्यांत वयाची अट ७० वर्षांची होती. आपल्याकडे १९२२ च्या 'फंडामेंटल रूल्स'प्रमाणें सरकारी नोकर ५५ व्या वर्षीं घरीं बसे. त्या दशकांत हिंदी माणसाचें सरासरी आयुर्मान तिशीपर्यंतहि पोंचत नव्हतें. अर्भकमृत्यूंमुळें तो आंकडा इतका खालीं येई हें खरें. तथापि सत्तरी पाहिलेलीं माणसें त्या वेळीं घरोघर नव्हतीं, हेंहि तितकेंच खरें आहे. आज महाराष्ट्र सरकारचा नोकर सामान्यतः ५८ व्या वर्षीं निवृत्त होतो, आणि साठी गाठलेल्या माणसास आपल्या देशांत सरासरीनें आणखी सतरा-अठरा वर्षें लाभतात. म्हणजे नोकरीच्या दोन-तृतीयांश लांबीचा एक नवा आयुष्यखंड आपल्या हातीं आला आहे. वडिलांच्या पिढींत तो नव्हता, म्हणून तो कसा घालवावा याचा वारसाहि आपल्याजवळ नाहीं.

पहिला प्रश्न येतो तो घराचा. बुलढाण्याचे, चिखलीचे, मेहकरचे, खामगांवचे किंवा मलकापूरचे सुशिक्षित कुटुंब घ्या. मुलगा पुण्यास किंवा बेंगळुरास, मुलगी अमेरिकेंत, आणि चौसोपी नसला तरी पांच-सहा खोल्यांचा वाडा. त्यांत दोन माणसें. दिवाळीचे चार दिवस सोडले तर ढाळजेंत पेपर वाचणारे आजोबा आणि माजघरांत टेलिव्हिजनसमोर बसलेल्या आजी, इतकीच त्या वास्तूची वस्ती. मग मुलगा म्हणतो, "बाबा, आतां विकून टाका आणि इकडे या." मुलाचें प्रेम खरें असतें, त्याची चिंताहि खरी असते. परंतु त्याच्या म्हणण्यास लगेच मान हलवावी असें आम्हांस वाटत नाहीं.

या जिल्ह्याचे दोन भाग लोक बोलण्यांतच करतात : घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर. हवा थंड, उन्हाळा सुसह्य, परंतु रेल्वे नाहीं. घाटाखालीं मलकापूर, नांदुरा, शेगांव हीं मुंबई-नागपूर लोहमार्गावरचीं गांवें. तेथें मुलगा रात्रीच्या गाडीनें निघून सकाळीं येऊं शकतो, पण वैशाखांतील ऊन म्हाताऱ्या माणसाची कसोटी पाहतें. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत, म्हणजे शेगांव, संग्रामपूर, जळगांव जामोद या बाजूच्या कित्येक खेड्यांत, विहिरींचें पाणी खारें असतें आणि मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार तेथें जुनी आहे. निवृत्तीनंतर वडिलार्जित खेड्यांत जाऊन शेती पाहूं असा बेत पुष्कळांचा असतो. बेत चांगला, पण आधीं पाणी तपासून घ्यावें, आणि रात्रीं छातींत कळ आली तर कोणत्या गांवीं किती वेळांत पोंचतां येईल हें घड्याळ लावून पाहावें. बुलढाण्यास २०२४ सालीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें, ही समाधानाची गोष्ट आहे. तरी मोठ्या दुखण्यासाठीं अकोला किंवा छत्रपति संभाजीनगर गांठण्याची वहिवाट अद्याप मोडलेली नाहीं.

इतक्या अडचणी मांडूनहि आमचें मत असें आहे कीं, दोघेंहि हिंडतीं-फिरतीं आहेत तोंपर्यंत आपलें गांव सोडूं नये. पुण्याच्या दहाव्या मजल्यावरील सदनिकेंत सर्व सुखसोयी असतात. नसतो तो नांवानें हांक मारणारा दुकानदार, देवळाच्या पायरीवरचा सोबती, आणि "साहेब, लेकाचा अर्ज लिहून द्या" म्हणत दाराशीं येणारा जुन्या ओळखीचा शेतकरी. साठ वर्षें ज्या मातींत मुळें गेलीं, तेथून उपटून दुसरीकडे लावलेलें झाड जगतें. फळ धरीलच असें नाहीं. मात्र दोघांपैकीं एक गेल्यावर उरलेल्यानें त्या वाड्यांत एकट्यानें राहावें, यांत आम्हांस धैर्य दिसत नाहीं. त्या दिवसाचा निर्णय दोघें असतांनाच, मुलांना समोर बसवून, स्पष्ट शब्दांत करून ठेवावा. आपल्या घरांत हें बोलणें अभद्र समजतात. आम्हांस तें अभद्र वाटत नाहीं. न बोलल्यामुळें तेराव्या दिवशीं जें बोलणें होतें, तें अधिक अभद्र असतें.

आणि घर ठेवावयाचें तर तें वृद्धांच्या सोयीचें करावें. उंच उंबरठे, अंधाऱ्या जिन्याची माडी, परसांतील शेवाळलेली न्हाणी ही जुन्या वाड्यांची शोभा असेल. पण साठीनंतर मांडीचें हाड मोडण्याच्या जागाहि त्याच. शौचकूप घरांत, झोपण्याच्या खोलीजवळ घ्यावें, तेथें रात्रभर दिवा ठेवावा, भिंतीस धरावयास दांडा लावावा, माडीवरचें सामान खालीं आणावें. मुलीच्या लग्नांत मांडवावर जो खर्च झाला, त्याच्या शतांशांत हें सारें होतें.

आतां घर कोणाच्या नांवें ठेवावें, हा सर्वांत नाजूक भाग. आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत ही कहाणी थोड्याफार फरकानें पुनःपुन्हा वाचावयास मिळते : वडिलांनीं, "शेवटीं सारें त्याचेंच आहे" असें म्हणून, हयातींतच मुलाच्या नांवें बक्षीसपत्र करून दिलें, दोन वर्षांनीं स्वतःच्याच घरांत त्यांची खाट पुढल्या खोलींतून मागल्या खोलींत, आणि मागल्या खोलींतून पडवींत गेली. मुलगा दुष्टच असतो असें नव्हे. कर्ज, धंद्यांतील खोट, संसारांतील ओढाताण यांपुढें त्याचाहि नाइलाज होतो. पण दिलेलें घर परत मिळविण्याइतका अवघड उद्योग दुसरा नाहीं.

आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या पोषणाचा कायदा २००७ सालीं झाला. त्याच्या २३ व्या कलमानें, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, ती अट न पाळल्यास, वृद्धास रद्द करून मागतां येते. येथें "अटीवर" हा शब्द महत्त्वाचा आहे. ही अट मुळांत होती हें दाखवितां आलें पाहिजे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२२ सालीं सांगितलें. पुढें २०२५ च्या जानेवारींत त्याच न्यायालयानें या कायद्याचा अर्थ वृद्धांच्या हिताच्या बाजूनें उदारपणें लावावा असेंहि म्हटलें. तथापि न्यायालयाच्या औदार्यावर भिस्त ठेवण्यापेक्षां, बक्षीसपत्र करणें भागच असेल तर त्यांत "हयातभर या घरांत राहण्याचा हक्क व सांभाळ" ही अट ठळकपणें लिहून घ्यावी. पोषणासाठीं दाद मागावयाची ती उपविभागीय अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणापुढें. मूळ कायद्याप्रमाणें दरमहा अधिकांत अधिक १०,००० रुपये मिळूं शकतात. आमचा सल्ला विचाराल तर बक्षीसपत्राऐवजीं मृत्युपत्र करावें. त्यास स्टँप लागत नाहीं, दोन साक्षीदारांसमक्ष सही केली कीं तें कायदेशीर होतें, नोंदणी सक्तीची नाहीं पण केलेली बरी. आणि मुख्य म्हणजे मत बदललें तर तें फाडून दुसरें करतां येतें. मुलींचा विचार त्यांत न्यायानें व्हावा, हें वेगळें सांगावयास नको.

पैशाच्या बाबतींत दोनच गोष्टी सांगून पुढें जातों. पेन्शनचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग विकून एकरकमी घेतां येतो, आणि तो १५ वर्षांनीं पूर्ववत् होतो. ती रक्कम हातीं येतांच भाचे, मेहुणे आणि "दरमहा दोन टक्के" देणाऱ्या योजना दारांत उभ्या राहतात. बँकेंतील ठेवीस विम्याचें ५ लाखांपर्यंत संरक्षण असतें, पतसंस्थेंतील ठेवीस तें नसतें, एवढें ध्यानांत ठेवलें तरी पुष्कळ. १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीस लागलेल्यांचा हिशेब निराळा आहे. त्या वाचकांनीं आपल्या सेवेच्या मध्यावरच तो समजून घ्यावा, शेवटच्या वर्षीं नव्हे.

येथवर आम्हीं गृहस्थांविषयीं लिहिलें. पण घरांतील दुसऱ्या माणसाचें काय? तिला कोणीं हार घातला नाहीं, तिची सेवा कोणत्याहि पुस्तकांत नोंदली गेली नाहीं, आणि जिची चाळीस वर्षें पूर्ण झालीं तिचें काम पतीच्या निवृत्तीनें हलकें होण्याऐवजीं वाढतें. पूर्वीं साडेदहा ते सहा घर तिचें असे. आतां अकरा वाजतां पुन्हां चहा, बारा वाजतां "भाजींत मीठ कमी आहे", आणि फडताळांतील डबे असे कां लावले याविषयीं माजी अव्वल कारकुनांची विचारपूस. कचेरींत हाताखालीं दहा माणसें होतीं. आतां एकच उरलें. आमच्या वाचकभगिनी हें वाचून हसतील, पण कित्येकींच्या हसण्यांत थकवा आहे हें आम्ही जाणतों. निवृत्त पतीनें निदान सकाळचा चहा, भाजी आणणें-निवडणें आणि आठवड्यांतून एक सांज स्वयंपाकघर आपल्याकडे घ्यावें. वरणफळें करणें फायलीवर शेरा मारण्याहून कठीण नाहीं, आणि पुढें एकटें राहण्याची पाळी त्याच्यावर आली तर हीच विद्या कामास येईल.

याच्या उलट जी विद्या तिनें शिकावयाची ती बँकेची. पूर्ण पेन्शन शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी असते. पतीच्या पश्चात्, पहिलीं कांहीं वर्षें सोडलीं तर, पत्नीस मिळणारें कुटुंब-निवृत्तिवेतन ३० टक्क्यांचें. म्हणजे शंभराचे साठ. घरभाडें, विजेचें बिल, औषधें मात्र निम्मीं होत नाहींत. असें असतां पुष्कळ घरांत पासबुक कोठें आहे, खातें दोघांच्या नांवें आहे कीं एकाच्या, नोव्हेंबरांत हयातीचा दाखला कसा द्यावयाचा, हें तिला ठाऊक नसतें. "तिला त्यांतलें कळत नाहीं" असें म्हणणाऱ्या पतीनें, तिला तें कधीं सांगितलें होतें काय, हा प्रश्न स्वतःस विचारावा. एका रविवारीं सर्व कागद जाजमावर मांडून दोघांनीं यादी करावी. या एका रविवारानें जितकें काम होईल, तितकें विम्याच्या दहा हप्त्यांनीं होणार नाहीं.

राहतां राहिला वेळेचा प्रश्न. ७५ वर्षें पूर्ण झालेल्यांस २०२२ पासून एस्. टी. चा प्रवास मोफत आहे, ६५ च्या पुढें अर्धें भाडें. त्यामुळें लोणार, सिंदखेडराजा, शेगांव अशा यात्रा होतात. त्या व्हाव्यातच. पण यात्रेनें महिना भरत नाहीं. शेगांवच्या श्रीगजानन महाराज संस्थानांत सेवेकऱ्यांच्या तुकड्या पाळीपाळीनें येऊन विनावेतन काम करतात, हें सर्वांस माहीत आहे. त्यांत आम्हांस शिकण्यासारखें वाटतें तें हें कीं, काम नेमलेलें असतें, वेळ ठरलेली असते, आणि सेवेकऱ्यास कोणी अध्यक्ष करीत नाहीं. आमच्या निवृत्त अधिकाऱ्यांचें अडतें तें नेमकें येथें. वाचनालय असो, गणेशोत्सव असो, खुर्ची मधली असली तरच ते येतात.

ज्या ग्रंथाचें पारायण या जिल्ह्यांत घरोघर होतें, तो 'श्रीगजाननविजय' दासगणूंनीं १९३९ सालीं लिहिला. त्यांचा जन्म १८६८ चा. म्हणजे २१ अध्यायांचें हें काम त्यांनीं एकाहत्तराव्या वर्षीं केलें. तरुणपणीं ते पोलिसांत होते; ती नोकरी सोडून कीर्तनास लागले आणि १९६२ पर्यंत, चौऱ्याण्णव वर्षें, जगले. मेहकरचे कवि ना. घ. देशपांडे यांचें उदाहरण तर अगदीं आपल्या दारचें. जन्म १९०९ चा, पेशा वकिलीचा. पहिला संग्रह 'शीळ' १९५४ सालीं निघाला. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो 'खूणगाठी'स, १९८६ सालीं, तेव्हां त्यांचें वय सत्त्याहत्तर होतें. सर्वांनींच कविता कराव्या असें आम्ही म्हणत नाहीं. उलट, निवृत्तीनंतर कविता करूं लागलेल्या कांहीं गृहस्थांनीं आमच्या टपालपेटीवर दया करावी अशी विनंति आहे.

परंतु एक काम असें आहे कीं तें या पिढीवांचून होणार नाहीं. जुन्या देशपांडे-कुळकर्ण्यांच्या घरांत माळ्यावर मोडी कागदांचे रुमाल पडले आहेत : वतनाचे तंटे, विहिरींचे हिस्से, सावकारीचे हिशेब, दुष्काळांतील अर्ज. निवृत्त शिक्षकानें एक हिवाळा बसून मोडी पक्की केली, तर रोज दोन तासांत एक-दोन कागदांचें बाळबोध लिप्यंतर सहज होतें. शेजारचा एखादा विद्यार्थी बसवून घेतला तर तो फोटो काढून देईल, आणि बदल्यांत लिपि शिकेल. प्रत्येक पावसाळ्यांत त्या रुमालांना वाळवी थोडी अधिक लागते. आणि मोडी वाचणारीं माणसें घाटावर आतां बोटांवर मोजण्याइतकींच राहिलीं आहेत.