डॉलर नसलेले ‘डॉलर’

अमेरिकेतल्या, साधारण चांदीच्या डॉलरएवढ्या स्मृतिपदकांना संग्राहक ‘सो-कॉल्ड डॉलर’ म्हणतात. बहुतेक खासगीरीत्या पाडलेली. पण कोणते पदक या वर्गात घ्यायचे? हॅरॉल्ड हिबलर आणि चार्ल्स कॅपन यांनी १९६३च्या सूचीत व्यासाची मर्यादा ३३ ते ४५ मिलिमीटर ठेवली (खरा डॉलर ३८.१चा). मुळातच भोक पाडलेली किंवा कडी लावलेली पदके बाद. ती अंगावर मिरवायची, नाण्यासारखी हाताळायची नव्हेत.

खरा पेच ‘ब्रायन मनी’चा. १८९६च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत उमेदवार विल्यम जेनिंग्ज ब्रायन चांदीच्या मुक्त नाणेपाडणीचा आग्रह धरत होते. त्या काळच्या बाजारभावाने एका डॉलरला किती चांदी लागेल, हे दाखवायला विरोधकांनी थोराड पदके काढली. गोरहॅम कंपनीचे पदक तर सुमारे ५२ मिलिमीटरचे! मोजपट्टीने ते बाहेर जाते, तरीही सूचीत आहे. हा अपवाद मला पूर्णपणे रास्त वाटतो, कारण त्याचा मोठा आकार हेच त्याचे म्हणणे आहे.

कोलोराडोतल्या जोसेफ लेशर यांची १९००ची अष्टकोनी रौप्यपदकेही सूचीत आहेत. स्थानिक दुकानांत ती प्रत्यक्ष चालत.