उजनीचा वारा आणि गुंडाळतं शीड

जेऊरहून चिखलठाण, कुगावकडे निघालं की उजनीचा फुगवटा लागतो. 1980 मध्ये भीमेवरचं धरण पूर्ण झालं आणि 117 टीएमसी क्षमतेचा जलाशय करमाळा, इंदापूर, दौंडपर्यंत पसरला. या उघड्या पाण्यावर वारा अडवणारं काही नाही. 21 मे 2024 च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. ती बोट इंजिनाची होती. शिडाच्या नावेला तर वारा स्वतःहून पकडायचा असतो, म्हणून तिच्यासाठी प्रश्न आणखी कठीण: पकडलेला वारा क्षणात सोडायचा कसा?

मे महिन्यात तापलेल्या जमिनीवर दुपारनंतर वळवाचे ढग चढतात. ढगातून पडणारा पाऊस वाटेतच सुकू लागला की हवा थंड आणि जड होते, वेगानं खाली आदळते आणि जमिनीलगत चहूकडे पसरते. पाऊस अजून लांब असतानाच हा झोत पाण्यावर पोचतो. मिनिटभरापूर्वी ताशी 18 किलोमीटरचा सुखद वारा असतो, तो 54 वर जातो. वेग तिप्पट झाला, पण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे नऊपट. पाच चौरस मीटरच्या पुढच्या शिडावर आधी सात-आठ किलो वजनाइतका जोर असेल, तर आता जवळजवळ सत्तर किलोंचा. तोही पाण्यापासून उंचावर, नाव आडवी करायला अगदी सोयीच्या जागी.

जुन्या पद्धतीत पुढचं शीड तारेला कड्यांनी अडकवलेलं असतं. ते उतरवायला कुणाला तरी नाळेवर, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकावर, जावं लागतं. पंधरा-सोळा फुटी नावेत माणूस पुढं गेला की नाव नाकावर झुकते, सुकाणू पाण्यातून वर येऊ लागतं. फर्लर ही अडचण मिटवतो. शिडाच्या पुढच्या कडेशी खाली ड्रम, वर फिरकी, आणि ड्रमवरची दोरी मागं सुकाणवाल्याच्या हाताशी. दोरी ओढली की शीड चटईसारखं स्वतःभोवती गुंडाळलं जातं. मागं फक्त मोठं शीड उरलं की नाव बहुधा आपोआप वाऱ्याकडे तोंड करते, ते शीड फडफडू लागतं, जोर ओसरतो. मग तेही उतरवता येतं.

बाजारात याचे दोन प्रकार. महागड्या प्रकारात डोलकाठीला पुढून ताणणाऱ्या तारेवर अॅल्युमिनियमची खाचेची पट्टी चढवतात. तिच्यामुळे शीड अर्धंमुर्धं गुंडाळूनही चालवता येतं. दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेवरून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. तशा सफरीत वारा दिवसचे दिवस वाहतो आणि किनारा हजारो किलोमीटर दूर असतो, तिथं शीड लहान करून पुढं जात राहण्याला पर्याय नाही. उजनीवर किनारा जवळ असतो आणि झोत बहुधा थोडा वेळ टिकतो. इथं शीड एकतर पूर्ण उघडं हवं, नाहीतर पूर्ण बंद. त्यासाठी साधा, पट्टीविना ड्रम-फिरकीचा प्रकार पुरतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा ‘वायकहॅम मार्टिन’ फर्लर याच तत्त्वाचा. त्यात शिडाच्या कडेतली तारच आसाचं काम करते. ती पीळ न खाणारी हवी आणि कडक ताणलेली हवी, नाहीतर खालचा भाग गुंडाळला जातो आणि वरचा फडफडत राहतो.

वाचलेला पैसा बेअरिंगवर खर्च करावा, त्यातही वरच्या फिरकीवर. समुद्रात मीठ साचून बेअरिंग अडतात. गोड्या पाण्यात तो त्रास नाही, त्यामुळे प्लॅस्टिकच्या गोळ्यांचं बेअरिंगही चालेल. करमाळ्याच्या धुळीसाठी ते अधूनमधून धुवावं. दोरी ड्रममध्ये काटकोनात शिरली पाहिजे. लांबीचा हिशेब सोपा आहे. शिडाची खालची कड अडीच मीटर आणि गुंडाळीचा सरासरी घेर पंधरा सेंटीमीटर धरला तर साधारण सतरा फेरे होतात. दहा सेंटीमीटर व्यासाच्या ड्रमवर त्याला सव्वापाच मीटर दोरी लागते. त्यात चार-पाच फेरे जादा धरा, कारण जोराच्या वाऱ्यात गुंडाळी घट्ट बसते आणि फेरे वाढतात.

दोरी अडली तर हिसके देऊ नयेत, वर बघावं. बहुतेकदा फिरकी अडून शीड चढवायची दोरी तारेभोवती वळलेली असते. जोर लावला तर तार तुटून डोलकाठी अंगावर येऊ शकते.

एवढाही खर्च झेपत नसेल तर कड्यांचंच शीड ठेवा. खाली नाळेवर एक कप्पी लावा, सर्वांत वरच्या कड्याला दोरी बांधून ती कप्पीतून मागं आणा. चढवायची दोरी सैल सोडून ही ओढली की शीड खाली येतं. ते नीट गुंडाळलं जात नाही, नाळेवर ढीग होतो, पण कुणाला पुढं जावं लागत नाही. लाइफ जॅकेटचे पैसे मात्र यातल्या कशासाठीही कापू नयेत. सरावही शांत सकाळी, किनाऱ्याजवळ, डोळे मिटूनही योग्य दोरी हाताला लागेपर्यंत करावा.