मावळ्याच्या मापाने रायगड बारा मजली!

सहामाहीचा शेवटचा पेपर संपला की पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये वॉचमनकाकांपुढे एकच अर्ज येतो: "काका, मागे पडलेल्या विटा घेऊ?" विटा मिळाल्या की माती, माती मिळाली की गोणपाट, आणि मग यंदा कुठला किल्ला यावरून कडाक्याचं भांडण. कसब्यातल्या वाड्याचं अंगण असो, कोथरूडचा बंगला असो की सिंहगड रस्त्यावरच्या इमारतीचं पार्किंग, वसुबारसेच्या आत बुरूज उभे राहिलेच पाहिजेत. प्रसिद्ध वास्तूंच्या प्रतिकृती जगात सगळीकडे होतात. पण दर दिवाळीला, घराघरांतून आणि तेही पोरांच्या हातून होणारी अशी बांधकामं दुसरीकडे शोधून दाखवा!

आधी गणित

रायगड समुद्रसपाटीपासून साधारण २,७०० फूट उंच. अंगणातला रायगड चार फुटांचा झाला तर आपण तो जवळजवळ पावणेसातशे पटींनी लहान केला. या मापाने साडेपाच फुटी मावळा किती उंच हवा? जेमतेम अडीच मिलिमीटर, म्हणजे अळिवाच्या दाण्याएवढा! आता उलटं करून पाहा. बाजारात मिळणारा मातीचा मावळा तीन इंचांचा असतो. तोच खरा धरून रायगड बांधायचा ठरवला, तर किल्ला सव्वाशे फुटांच्या आसपास जाईल. बारा मजली इमारत. गुहेतला वाघ हत्तीहून मोठा दिसतो म्हणून मुलांना नावं ठेवणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करावा. माणसं आणि डोंगर एकाच मापात बसवणं अंगणात शक्यच नाही. माणसं दिसायला हवीत म्हणून मुलं डोंगर लहान करतात, आणि ते अगदी योग्य करतात.

पोट रिकामं हवं

पाच फूट लांब, पाच फूट रुंद आणि चार फूट उंच असा निमुळता डोंगर भरीव रचायचा म्हटला तर पाचशेहून जास्त विटा लागतील. एक वीट साधारण तीन किलोची, म्हणजे भार दीड टनावर गेला. गच्चीवर किल्ला करणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. म्हणूनच जाणते गडी आतून पोकळ रचतात: कडेने विटांच्या पायऱ्या, मध्ये रिकामी जागा, वर आडव्या फळ्या. त्या रिकाम्या जागेतूनच वाघाची गुहा आयती निघते.

विटांच्या या पायऱ्या चिखलाखाली झाकल्या जातात, पण किल्ला सह्याद्रीसारखा दिसतो तो त्यांच्यामुळेच. सह्याद्री घडला तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, लाव्ह्याचे थर एकावर एक साचून. घट्ट थराचा उभा कडा झाला, ठिसूळ थर झिजून त्याचा उतार झाला. कडा, उतार, पुन्हा कडा. टेकडीसारखा गुळगुळीत ढीग घालून त्यावर बुरूज ठेवला तर तो किल्ला कुठलाही वाटेल, सह्याद्रीतला वाटणार नाही. विटांच्या पायऱ्या थोड्या उघड्या राहू द्या, बघा कसा कडा दिसतो.

आणि गोणपाट! नुसता ओला चिखल उभ्या विटेवर टिकत नाही, वाळला की भेगा पडून सुटतो. कोरड्या वाळूचा ढीगसुद्धा साधारण पस्तीस अंशांहून उभा राहत नाही, घसरतोच. पण पातळ चिखलात बुडवलेलं पोतं विटांवर पसरलं की तागाचे धागे मातीला धरून ठेवतात. मातीच्या भिंतीत पेंढा घालायचे तो याच कारणाने. पोत्याला पडणाऱ्या चुण्या वाळल्यावर डोंगराच्या घळी होतात. ही युक्ती ज्या कुणी पहिल्यांदा केली, तो पक्का भटक्या असणार.

अळीव की मोहरी?

हिरवळीसाठी दोन्ही चालतात, दोन्ही तीन-चार दिवसांत उगवतात. पण उभ्या कड्यावर अळीवच. अळीव पाण्यात भिजला की दाण्याभोवती चिकट बुळबुळीत आवरण येतं, बाळंतिणीसाठी अळिवाचे लाडू करणाऱ्या घरात हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्या चिकटपणामुळे दाणा उतारावर जिथे लावाल तिथेच बसतो. मोहरी गोल आणि कोरडी, ती घरंगळत पायथ्याशी जमते आणि मग सगळं जंगल खालीच वाढतं. तेव्हा माथ्यावर अळीव, सपाटीला मोहरी. धनत्रयोदशीला हिरवा गड हवा असेल तर पेरणी त्याआधी चार दिवस तरी उरकायला हवी.

दरवाजा दिसला म्हणजे चुकला

अंगणातल्या किल्ल्याला भला मोठा दरवाजा असतो. अगदी समोर, मधोमध, येणाऱ्या-जाणाऱ्याला लांबून दिसेल असा. खऱ्या गडावर नेमकं हेच टाळलेलं असतं. रायगडाचा महादरवाजा दोन भल्यामोठ्या बुरुजांच्या कुशीत दडला आहे. एक बुरूज ७५ फुटांचा, दुसरा ६५ फुटांचा, आणि तुम्ही वळून त्यांच्यामध्ये शिरेपर्यंत दरवाजा दिसतच नाही. या रचनेला गोमुखी म्हणतात. तिचे फायदे मोजा: लांबून तोफ डागता येत नाही, दार फोडायला हत्ती आणला तर त्याला धावायला सरळ जागा मिळत नाही, आणि वळणावर अडकलेल्या शत्रूवर दोन्ही बुरुजांवरून मारा होतो. शिवरायांच्या गडांवर ही चाल पुन्हा पुन्हा दिसते. सिंधुदुर्गाजवळ तर होडी अगदी तटाला लागत आली तरी दार कुठे आहे हे चटकन कळत नाही.

करायला हे सोपं आहे. दोन बुरूज समोरासमोर न ठेवता एक थोडा पुढे, एक मागे ठेवा आणि त्यांच्यामधून वाट वळवा. आठ-दहा विटांचं काम. पाहायला येणारे "दरवाजा कुठाय?" म्हणून विचारतील, तेव्हा सांगायचं, हेच तर हवं होतं!

दुसरी गंमत तटाची. मुलं गडाला चारी बाजूंनी तट घालतात. सिंहगडावर फिरून पाहा: जिथे कडा सरळ तुटला आहे तिथे कड्यानेच तटाचं काम केलं. तानाजी मालुसरे आणि त्यांचे मावळे ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री चढून गेले ते अशाच कड्याने, कारण तिथून कुणी येईल असं किल्लेदाराच्या मनातही येणार नव्हतं. एक बाजू तटाशिवाय ठेवून तिथे दोरावरचे मावळे लावले की सिंहगड पाच मिनिटांत ओळखू येतो.

पाणी वर, कारंजं खाली

अंगणात तळं बहुधा पायथ्याशी. परातीत पाणी, नाहीतर जुना आरसा आणि त्यात प्लास्टिकची बदकं. खऱ्या गडाचं पाणी माथ्यावर असतं. वेढा पडला तर खालचं तळं शत्रूच्या ताब्यात जाणार, मग ते काय कामाचं? म्हणून कातळात टाकी खोदली. त्यातून निघालेला दगड तट आणि इमारतींना वापरला, एका कष्टात दोन कामं झाली. रायगडावर गंगासागर आहे, हत्ती तलाव आहे. सिंधुदुर्गावर तर चहूकडे खारा समुद्र आणि आत तीन गोड्या विहिरी: दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव.

कारंज्याची युक्ती मात्र पिढ्यान्‌पिढ्या तीच: खिडकीत बाटली, तिला सलाईनची नळी, नळीचं टोक तळ्यात. पाणी बाटलीतल्या पातळीच्या वर कधीच उडत नाही. त्यामुळे धार उंच हवी तर बाटली पहिल्या मजल्यावरच्या काकूंकडे ठेवावी लागते. भौतिकशास्त्राचा हा धडा शाळेत येण्याआधी अंगणात होऊन जातो.

सोपा कुठला, अवघड कुठला?

पहिल्यांदाच किल्ला करणाऱ्यांनी सिंधुदुर्ग घ्यावा. डोंगर नाही, नुसता वळणावळणाचा तट आणि भोवती पाणी. खरा सिंधुदुर्ग मात्र सोपा नव्हता. मालवणजवळच्या कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ ला काम सुरू झालं, आणि लाटांना पुरून उरावा म्हणून पायात शिसं ओतलं गेलं.

प्रतापगड मधल्या गटातला. १६५६ च्या सुमारास मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली उभा राहिला, आणि तीनच वर्षांनी, १० नोव्हेंबर १६५९ ला, त्याच्या पायथ्याशी अफजलखानाची भेट झाली. शामियाना लावायला जागा सोडायला विसरू नका.

सगळ्यात अवघड राजगड. सुवेळा, पद्मावती आणि संजीवनी या तीन माच्या तीन दिशांना, मध्ये उंच बालेकिल्ला. एका ढिगात तो बसतच नाही, आधी खडूने जमिनीवर आराखडा काढावा लागतो. संजीवनी माचीला दुहेरी तट आहे, तो विटकरीच्या तुकड्यांनी दाखवता येतो. सुवेळा माचीवर कड्याला आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. दोन विटा उभ्या, एक आडवी, वर गोणपाट: नेढं तयार! राजगड नीट जमवणाऱ्या पोरांना माझं बक्षीस कायम पहिलं.

पुण्याची जुनी हौस

प्रतिकृतींच्या बाबतीत हे शहरच हौशी. आज आपण शाळेच्या सहलीत पाहतो तो लाल महाल पुणे महापालिकेने १९८८ मध्ये पूर्ण केला. मूळ वाडा शिवकाळातला, तो केव्हाच नाहीसा झाला. कोथरूडचा मस्तानी महाल उतरवून राजा दिनकर केळकर संग्रहालयात पुन्हा उभारला आहे. गणेशोत्सवात दगडूशेठ हलवाई गणपतीसमोर दर वर्षी एखादं प्रसिद्ध मंदिर उभं राहतं: २०२३ ला अयोध्येचं राममंदिर, २०२४ ला हिमाचलातलं जटोली शिवमंदिर, २०२५ ला केरळचं पद्मनाभस्वामी मंदिर.

आणि विटांचा विषय निघालाच आहे, तर शनिवारवाडा! १० जानेवारी १७३० ला पायाभरणी, २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत. दगडाचा किल्ला फक्त राजाने बांधावा असा आक्षेप साताऱ्याहून आला, म्हणून खाली दगड आणि वर वीट अशी तडजोड झाली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवली तरी तटाकडे पाहा: खाली काळा दगड, वर वीट, आजही स्पष्ट दिसते. आतले मजले १८२८ च्या आगीत गेले. अंगणात शनिवारवाडा करायचा असेल तर विटेला चिखल फासूच नका. विटेचा किल्ला विटेतच शोभतो.

ताजमहालाची गोष्टही ऐका. तो वरून संगमरवरी, आतून विटांचा. त्याची खेळण्यातली प्रतिकृती लेगो कंपनीने २००८ ला काढली, तिला ५,९२२ तुकडे होते. लेगोची आठ खुंट्यांची एकाच रंगाची वीट घ्या. अशा फक्त सहा विटा एकमेकींत बसवायचे ९१,५१,०३,७६५ प्रकार निघतात. त्या डब्यात एक पुस्तिका असते, पान उलटत गेलं की ताजमहाल होतोच. आपल्या किल्ल्याला पुस्तिका नाही. एका सोसायटीतले तीन रायगड तीन तऱ्हांचे होतात, आणि मला तेच जास्त आवडतं.

पाहायला कुठे जाल?

जंगली महाराज रस्त्यावरच्या संभाजी उद्यानात दिवाळीत महापालिकेची किल्ले स्पर्धा भरते. मावळे, तोफा, भाजीवाल्या, गवळणी यांच्यासाठी कसब्यातल्या कुंभारवाड्यात चक्कर मारा. मातीचेच घ्या, पावसात भिजले तरी मातीत मिसळतात. पुण्याबाहेर जाणार असाल तर बेळगाव गाठा. तिथे गल्लीगल्लीतली तरुण मंडळी किल्ले इतके मोठे करतात की ते बघायला रात्री घरची घरं बाहेर पडतात. पुण्यातच राहणार असाल तर आंबेगावात शिवसृष्टी आहे, तिचा पहिला टप्पा १९ फेब्रुवारी २०२३ ला खुला झाला. कुठेही गेलात तरी किल्ल्यापाशी उभ्या असलेल्या पोराला माहिती नक्की विचारा. तो एका दमात इतिहास सांगतो, आणि त्याच्यासाठी निम्मी दिवाळी तीच असते.

११ जुलै २०२५ ला मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले. त्यात शिवनेरी, लोहगड, राजगड हे तीन पुणे जिल्ह्यातले. बारावा तमिळनाडूतला जिंजी, आणि अंगणात तो क्वचितच कुणी करतं. महाराजांनी तो १६७७ ला घेतला, पुढे छत्रपती राजाराम महाराजांनी तिथून राज्य चालवलं आणि मोगलांचा वेढा १६९८ पर्यंत चालला. तीन डोंगर आणि त्यांना जोडणारा तट असा त्याचा पसारा. एका अंगणात मावणार नाही. शेजारच्यांचंही अंगण मागून घ्या, विटा दुप्पट गोळा करा आणि यंदा कुणीतरी पुण्यात जिंजी कराच!