चाकणचा पगार हिशेबात नाही

ब्रिटनमध्ये स्थायिक जोडीदाराने पुण्याजवळच्या दिघीतल्या नवऱ्याला किंवा बायकोला बोलवायचे, तर त्याला ११ एप्रिल २०२४ पासून वर्षाला २९,००० पौंड उत्पन्न दाखवावे लागते. आधी ही अट १८,६०० पौंडांची होती. अर्जदाराचा चाकणमधला पगार, कितीही भक्कम असो, पहिल्या अर्जात धरत नाहीत. तिजोरीवर भार नको, हे या अटीमागचे कारण तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१७ मध्ये तत्त्वतः मान्य केले. पण जोडीदाराच्या या व्हिसावर सरकारी भत्ते तसेही मिळत नाहीत. मग कमावत्या माणसाची किंमत शून्य का? नोकरी इथे सुटते हे खरे, हातातले कसब मात्र सोबत जाते. अमेरिका दारिद्र्यरेषेच्या सव्वापटीवर भागवते, कमी पडल्यास दिघीतला फ्लॅटही जमेस धरू शकते. ब्रिटनला तो विकून आलेली रोकडच लागते, आणि निव्वळ बचतीवर अर्ज करायचा तर तब्बल ८८,५०० पौंड.