गोंदियाहून काय आणायचे?

नागझिऱ्याला जाणारा माणूस गोंदियाला उतरतो, गाडी ठरवतो आणि निघतो. नवेगावबांधला जाणाराही तसाच. परतताना स्टेशनवर चहा पितो, पाण्याची बाटली घेतो, आणि घरी ‘काय आणलं?’ म्हणून विचारले की मोबाइलमधला वाघ दाखवतो. वाघाने दर्शन दिले नसेल तर रानगवा. नागपूरहून संत्राबर्फी येते, सोलापूरहून चादर येते, कोल्हापूरहून चप्पल येते. गोंदियाहून काही येत नाही.

यात प्रवाशाचा दोष थोडा आणि बाजारपेठेचा जास्त. ही पेठ गिऱ्हाइकासाठी वसलेलीच नाही, ती मालगाडीसाठी वसली. १८८० च्या दशकात नागपूर ते छत्तीसगड हा लोहमार्ग इथून गेला, तो बंगाल-नागपूर रेल्वेने घेतला आणि पुढे थेट हावड्याला जोडला. मग १९०३ ते १९०५ या काळात नैनपूरमार्गे जबलपूरकडे अडीच फुटी रुळांची छोटी गाडी निघाली, पुढे दुसरी नागभीड-चांद्याकडे. आजूबाजूच्या जंगलातली लाख, मोह, तेंदूपाने आणि बांध्यांतले धान छोट्या गाडीने यायचे, गोंदियाला मोठ्या गाडीत चढायचे आणि मुंबईला नाही तर कलकत्त्याला जायचे. ‘भरा आणि पाठवा’ हा या गावाचा धर्म. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा होऊन हा जिल्हा झाला तरी धर्म तोच राहिला. विडीचेही तसेच. मनोहरभाई पटेलांच्या घराण्यासह कितीतरी विडीवाल्यांनी इथे बस्तान बसवले. पाने इथली, वळणारे हात इथल्या बायकांचे, आणि धूर मात्र देशभर.

म्हणून गोंदियात पाहण्यासारखे दुकान शोधायचे तर काचेच्या शोकेसच्या मागे लागू नये. तांदळाच्या दुकानात जावे.

गोरेलाल चौकाच्या आसपासच्या पेठेत अशी दुकाने सहज सापडतात. दर्शनी भागात ओळीने उघड्या गोण्या, तोंडे खाली दुमडलेली, प्रत्येकीत वर खोचलेला पुठ्ठ्याचा तुकडा. त्यावर नाव आणि भाव. मुंबई-पुण्याच्या किराणा दुकानात तांदूळ दोनचार प्रकारचा असतो, इथे तोच दहाबारा प्रकारांचा होतो. जय श्रीराम, एचएमटी, चिन्नोर, मग जाड्यात १०१० आणि सुवर्णा, एका कोपऱ्यात उसना, एका कोपऱ्यात कणकी. शिवलेल्या कट्ट्यातला माल पाहायचा असेल तर दुकानदार एक पोकळ, टोकदार सळई गोणीच्या पोटात खुपसतो. सळईच्या खोबणीतून मूठभर दाणे तळहातावर येतात आणि गोणीचे भोक बोटाने सारखे केले की बुजते. वरचा थर चांगला आणि आत भेसळ, ही चलाखी या सळईपुढे चालत नाही.

तळहातावरचे दाणे मग वाचायचे असतात. आधी फुंकर, म्हणजे पावडर किती उडते ते कळते. मग तुकडा किती, हे बोटाने बाजूला सारून बघायचे. मग उजेडाकडे धरायचे. दाण्याच्या पोटात पांढरा डाग असेल तर तो शिजताना फुटण्याचा संभव जास्त. शेवटी एक दाणा दाढेखाली. कटकन तुटला तर वाळलेला, दबून तुटला तर ओल शिल्लक. जाणते गिऱ्हाईक हे सगळे बोलता बोलता करते. नवखे गिऱ्हाईक भाव विचारते, आणि तिथेच ओळखले जाते.

दुकानदाराचा पहिला प्रश्न भावाचा नसतोच. “नवा पायजे का जुना, भाऊ?” आणि दुसरा, “घरी भाताले पाणी कोन टाकते?” हा प्रश्न गमतीचा वाटतो, पण त्यात सगळे येते. नवा तांदूळ कमी पाणी पितो, चिकट होतो. ज्यांना गुरगुट्या भात, खीर किंवा घावन करायचे त्यांनी तोच न्यावा. जुना, निदान वर्षभर मुरलेला, जास्त पाणी पितो, लांब होतो, मोकळा होतो. एकाच जातीच्या नव्या आणि जुन्या तांदळात भावाचा फरक पडतो तो याचाच, कारण वर्षभर माल अडकवून, उंदीर आणि किडीपासून राखून ठेवायचे पैसे कुणीतरी द्यायलाच हवेत. नवा तांदूळ नेऊन जुन्याच्या अंदाजाने पाणी घालणारे लोक मग गोंदियाच्या तांदळाला नावे ठेवतात.

तांदूळ दुकानात येतो तो गावाच्या कडेच्या राईस मिलमधून. या जिल्ह्यात रस्त्याने जाताना शेतात धान, अंगणात धान आणि क्षितिजावर मिलचे धुराडे, हा क्रम फारसा बदलत नाही. मिल बाहेरून सारखीच दिसते, आत मात्र दोन जाती. अरव्याच्या मिलमध्ये वाळलेले धान सरळ यंत्रात जाते. आधी चाळण्या, मग खडे वेगळे करणारे यंत्र, मग रबरी रोलचा शेलर. रबराचे दोन रोल वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि त्यांच्या चिमटीतून जाताना दाण्याचे टरफल सोलून निघते. आता जो तांदूळ मिळतो तो तांबूस, कोंड्यासकट. पॉलिशर त्याचा कोंडा खरवडून काढतो आणि सगळ्यात शेवटी सॉर्टेक्सचा कॅमेरा काळा-पिवळा दाणा ओळखून वाऱ्याच्या फटकाऱ्याने उडवतो.

उसन्याच्या मिलमध्ये धान आधी भिजवतात, वाफवतात, वाळवतात आणि मग भरडतात. वाफेने कोंड्यातली काही जीवनसत्त्वे दाण्यात उतरतात, दाणा कडक होतो आणि कमी तुटतो. केरळ-तमिळनाडूकडे हा तांदूळ रोजचा. आपल्याकडे बहुतेकांना त्याचा वास चालत नाही. इडलीसाठी मात्र तोच न्यावा, इथल्या दुकानात तो ताजा मिळतो.

मिलवाल्यांशी बोलायला बसलात तर पाच मिनिटांत सरकारी धानावर गाडी येते. शासन आधारभूत किमतीने धान खरेदी करते, पणन महासंघामार्फत आणि आदिवासी भागात आदिवासी विकास महामंडळामार्फत, आणि ते भरडायला मिलला देते. एका क्विंटल धानामागे अरवा असेल तर ६७ किलो आणि उसना असेल तर ६८ किलो तांदूळ परत करायचा. खरिपाच्या धानात हे जमवता येते. उन्हाळी धान कडक उन्हात पिकते, दाण्याला आतून तडे जातात आणि यंत्रात तुकडा वाढतो. मग मिलवाला उतारा बसत नाही म्हणतो, शेतकरी खरेदी केंद्र उघडत नाही म्हणतो, आणि धान उघड्यावर ताडपत्रीखाली पडून राहते. दरवर्षी पाऊस तोंडावर आला की वर्तमानपत्रांत त्याचे फोटो छापून येतात.

मिलमध्ये वाया काही जात नाही. टरफल बॉयलरखाली जळते, कोंडा तेल काढायला जातो, कणकी पोल्ट्रीपासून दारूच्या कारखान्यापर्यंत कुठेही. पूर्वी गरिबाघरी कोंड्याचा मांडा व्हायचा, आता कोंडाच श्रीमंतांच्या स्वयंपाकघरात ‘राइस ब्रान ऑइल’ म्हणून बाटलीतून जातो.

गोण्यांवरच्या पुठ्ठ्यांतले एक नाव थोडे थांबून वाचावे असे आहे. एचएमटी. हा तांदूळ कुठल्या प्रयोगशाळेत जन्मला नाही. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे नावाचे अल्पभूधारक शेतकरी होते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना ‘पटेल-३’ जातीच्या धानात काही निराळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षामागून वर्ष निवडत नेल्या. दाणा बारीक, भात चवदार. बाजारात नेला तर नाव विचारले गेले, आणि नाव नव्हते. त्या काळी मनगटावर एचएमटीचे घड्याळ म्हणजे मान होता, व्यापाऱ्याने तेच नाव ठेवून दिले. पुढे कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही एचएमटी’ आणली, आणि श्रेय कुणाचे हा वाद दादाजींच्या अखेरपर्यंत मिटला नाही. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा सन्मान मिळाला, ‘फोर्ब्स’ने दखल घेतली, पण हलाखी सुटली नाही. जून २०१८ मध्ये ते गेले. त्यांचा तांदूळ अर्ध्या विदर्भाच्या ताटात आहे आणि गोणीवर नाव घड्याळाचे.

नाव हरवणे हा इथल्या मालाचा जुनाच रोग. पूर्व विदर्भाचा बारीक तांदूळ मोठ्या शहरात पोचतो तो नुसता ‘कोलम’ म्हणून. गाव गळते, जिल्हा गळतो. चिन्नोरचे दैव थोडे बरे. मऊ, सुगंधी, हलक्या हाताने शिजवायचा हा तांदूळ वैनगंगेच्या दोन्ही अंगांना पिकतो. पलीकडच्या बालाघाटने २०२१ मध्ये त्याचे भौगोलिक मानांकन मिळवले, मग भंडाऱ्यानेही आपल्या चिन्नोरसाठी मिळवले. दोघांच्या मधोमध गोंदिया. इथेही चिन्नोर पिकतो, पण पाटी शेजाऱ्यांच्या दारावर.

काळी कमोद किंवा हिरानखीसारखी जुनी वाणे हवी असतील तर पेठेतले दुकान सोडावे. ही धाने उंच वाढतात, लोळतात, उतारा कमी देतात, म्हणून शेतकरी ती घरच्यापुरती एखाद्या बांधीत लावतो. पाहुणा आला, लग्नकार्य निघाले तर खीर करायला. ओळखीने विचारले तर दोनपाच किलो मिळतील. व्यापारी भावात मागितली तर नाही मिळणार, आणि तेच बरे आहे.

ओळख काढायची जागा म्हणजे आठवडी बाजार. देवरी, सालेकसा, सडक अर्जुनी या बाजूच्या बाजारांत हंगामाप्रमाणे जमिनीवर पसरलेली दुकाने लागतात. मार्च-एप्रिलमध्ये वाळवलेली मोहफुले, मनुक्यांसारखी तपकिरी, वासाने डोके जड करणारी. ती साठवायला, न्यायला पूर्वी परवान्याची कटकट होती, २०२१ मध्ये राज्याने ती काढली. मग तेंदूफळे, डिंक, हिरडा-बेहडा, आणि चारोळी. चारोळी इथे घ्यावी. फळाचा गर काढून, बिया वाळवून, जात्यावर हलके भरडून आतला मसुरीएवढा दाणा अखंड काढायचा, हे काम किती वेळखाऊ आहे ते पाहिले की श्रीखंडावर ती चिमटीनेच का टाकतात ते कळते. या बाजारात घासाघीस करू नये असे मला वाटते. मॉलमध्ये छापील किमतीला मान डोलावणाऱ्याने जंगल पालथे घातलेल्या बाईशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालणे शोभत नाही.

तेंदूपत्त्याला मात्र दुकान नाही. मे महिन्यात गावोगाव फडी, म्हणजे पाने गोळा करायचे केंद्र, लागते, सत्तर पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांची एक गोणी हे महाराष्ट्राचे माप, आणि माल थेट ठेकेदाराकडे. पहाटे जंगलात जाऊन दुपारी अंगणात पाने जुळवणारी अख्खी कुटुंबे दिसतील. विकत घेण्यासारखे त्यात प्रवाशासाठी काही नाही.

जिल्ह्यातले सगळ्यात अनपेक्षित दुकान अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे. इटियाडोह धरणाच्या बाजूला गोठणगाव-प्रतापगड परिसरात नोर्गेलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत १९७२ मध्ये वसली. प्रतापगडच्या टेकडीवर महाशिवरात्रीला महादेवाची यात्रा भरते आणि तिथेच दर्गाही आहे, त्यामुळे परक्या प्रार्थनेचे या मुलखाला नवल नाही. वसाहतीत रंगीत पताका, बौद्ध मठ, आणि भोवताली थेट झाडीपट्टीतले धान. हिमालयातून आलेल्या माणसांनी इथे येऊन चिखलात रोवणी केली, हेच मुळात थक्क करणारे. अशा वसाहतींनी शेतीबरोबर आणलेला हुन्नर म्हणजे लोकरी गालिचा. तिबेटी पद्धतीत उभ्या मागावर सुताचा ताणा असतो, त्याच्यापुढे एक आडवी सळई धरतात आणि लोकरीचा धागा ताण्यामागून घेत सळईवर वेढत जातात. एक ओळ भरली की सळईवरून पाते फिरवायचे. वेढे कापले जातात, सळई सुटते आणि उरतो मऊ केसाळ पृष्ठभाग. मग जड फणीने ओळ खाली ठोकायची. विणून झाल्यावर कात्रीने नक्षीच्या कडा कोरतात, म्हणून कमळ किंवा ड्रॅगन किंचित वर उचललेला दिसतो. सुमारे तीन बाय सहा फुटांचा, बसायला-झोपायला पुरणारा आकार हा त्यांचा मूळचा. त्याला ते खाडेन म्हणतात.

इथे जायचे तर पंचांग जुळवून. पर्यटक येतात हिवाळ्यात, आणि नेमकी त्याच वेळी वसाहतीतली कितीतरी घरे कुलपात असतात, कारण माणसे शहरांत रस्त्याकडेला स्वेटर विकायला गेलेली असतात. ते स्वेटरही बहुतेक लुधियानाचे, हे विकणारेच सांगतात. लोसार म्हणजे तिबेटी नववर्ष फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, तोवर सगळे परततात. त्यामुळे या जिल्ह्यात हिंडायला मार्चचा दुसरा पंधरवडा बरा. वसाहतीत माणसे असतात, बाजारात मोहफूल उतरायला लागते, पाणवठे आटत आल्याने नागझिऱ्यात वाघही दिसण्याची आशा असते. तांदूळ तेवढा तेव्हा चारपाच महिन्यांचाच, अजून चिकट असतो. पैसे जरा जास्त मोजून जुना मागावा, नाहीतर नवा नेऊन कडुनिंबाचा पाला घालून डब्यात झाकून ठेवावा आणि पुढच्या दिवाळीपर्यंत डबा उघडू नये.